मामांना विचारायला दोन वर्षं लागली

मी बोलतेय, सात कप्प्यांची गोळ्यांची डबी. प्रत्येक वाराला एक झाकण. मला विकत आणलं आईने, लेकीसाठी. लेक पुस्तकबांधणी करते. घरात पाऊल ठेवताच आई म्हणाली, "ही आत ठेव बाई. लोकांना दिसायला नको." घ्या! जन्माला आले नाही तोच मी लपवायची वस्तू झाले.

लेकीला बायपोलर आजार. एकदा मन भरधाव सुटलं, तेव्हा तिने शाळेच्या वाचनालयातली दोनशे धड पुस्तकं उसवली. "मी नीट बांधते ना!" दोन दिवस डोळ्याला डोळा नाही. मग मन असं खाली बसलं, की तीन आठवडे तिने अंथरूण सोडलं नाही. पुस्तकं पानापानांनी पडून.

माझ्यात गोळ्यांची ये-जा सुरू झाली. पहिलीने अंगावर पुरळ, दुसरीने दिवसभर पेंग, तिसरीने ढिम्म काही नाही. दर वेळी डॉक्टरीणबाई विचारायच्या, "नात्यात कुणाला असं काही?"

"छे! आमच्यात कुणी नाही," आई ठसक्यात सांगायची.

एका दुपारी मामा आले. मी चुकून टेबलावरच राहिले होते. त्यांनी मला उचललं, निरखलं आणि खिशातून स्वतःची डबी काढून शेजारी ठेवली.

"मामा, तुलाही?" लेक उडालीच.

"एकवीस वर्षं. लिथियमच्या गोळीने सावरलं मला. ताई, तू डॉक्टरांना सांगितलं नाहीस?"

आई ताटं पुसत राहिली. "तुझीच अब्रू जपत होते रे."

"माझी अब्रू? पोरीची दोन वर्षं गेली, ताई!"

लेकीने सरळ दवाखान्यात फोन लावला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा काही एका जनुकाचा खेळ नाही, कितीतरी जनुकं थोडा थोडा हातभार लावतात. पण मामांना लिथियम मानवलं, तर तुम्हाला मानवायची शक्यता जरा जास्त. हमी नाही. रक्त मात्र तपासत राहायचं."

मानवलं. तहान वाढली, बोटं किंचित थरथरतात, पण सुईत दोरा जातो. आईशी मात्र महिनाभर अबोला होता. पुढे हा आजार असलेल्या कुटुंबांवरच्या अभ्यासासाठी रक्त द्यायचं ठरलं, तेव्हा आईनेच आधी बाही वर सारली. परिचारिकेला म्हणाली, "लिहा. भाऊ आणि मुलगी, दोघंही." लेकीने तिचा दुसरा हात धरला.

आता सगळं सुरळीत आहे म्हणावं, तर आज गुरुवार. संध्याकाळ झाली आणि माझं झाकण अजून बंद! बाईसाहेब पुस्तकाला डिंक लावत गुणगुणताहेत. काल तर म्हणाल्या, "इतकं बरं वाटतंय, गोळी हवीच का?"

अगं बये, बरं वाटतंय ते कुणामुळे? आता हात पूस, पाणी घे आणि उघड मला!