शेवटची दोन मिनिटं

लोळ्याच्या पडण्याला खरं तर बक्षीसच द्यायला हवं होतं. एरवी हा किल्ल्या बनवायच्या दुकानात दिवसभर मान खाली घालून बसणारा साधा माणूस. पण रविवारी गोलकीपरचे हातमोजे चढवले आणि आपला संघ एका गोलने पुढे असला, की त्याच्या अंगात काय संचारायचं कोण जाणे. बॉल अडवला की धाडकन आडवा. कधी गुडघा, कधी बरगडी. एकदा तर डावा गुडघा धरून पडला आणि उठल्यावर उजव्या पायाने लंगडला. मैदानावर पुढचा सामना ताटकळत असायचा, त्यामुळे वाया गेलेला वेळ भरून मिळत नसे. तेवढ्या चार-पाच मिनिटांत समोरच्यांचा जोर ओसरून जायचा.

औषधांची पेटी घेऊन धावत यायची ती लोळ्याची सख्खी थोरली बहीण. ताई हॉस्पिटलात नर्स होती, तिला कोण काय फसवणार? गुडघ्यावर बर्फ धरता धरता ती विचारायची, "रात्री जेवायला येतोयस ना?" आणि हा कण्हत म्हणायचा, "येतो की. भाजी कसली आहे?"

पडायचा इशारा कोच द्यायचा. त्याचं सलून होतं आणि मैदानावरही खांद्यावर टॉवेल असायचाच. टॉवेल डाव्या खांद्यावरून उजव्यावर गेला की लोळ्याने लोळायचं.

तर या नाटकांना सगळी लीग विटली आणि मोसमाच्या शेवटच्या सामन्याला नवा नियम आला. पंच होत्या दातांच्या डॉक्टरीणबाई. दिवसभर लोकांचं कण्हणं ऐकून कान तयार झालेले. दोन्ही संघांना समोर उभं करून त्यांनी सांगितलं, "गोलकीपरवर उपचार करायला कोणी मैदानात आलं, तर त्याच्या संघातला एक खेळाडू दोन मिनिटं बाहेर. कोण, ते कोचने ठरवायचं."

कोचने मान डोलावली आणि हळूच लोळ्याच्या कानात म्हणाला, "काळजी नको. दाजींना काढू बाहेर. ते असले काय, नसले काय."

दाजी म्हणजे ताईचा नवरा. पोस्टमन. बावीस वर्षं संघात बचावाला खेळत होते आणि बावीस वर्षांत एकदाही सामना संपताना ते मैदानात नव्हते. तास-सव्वा तास झाला की त्यांना धाप लागायची, कोच बदली खेळाडू पाठवायचा आणि दाजी मुकाट्याने बाकावर जाऊन बसायचे. आता डॉक्टरांनीच खेळणं बंद करायला सांगितलं होतं, म्हणजे हा शेवटचा सामना. सकाळी बुटांची नाडी बांधताना ते लोळ्याला म्हणाले होते, "शेवटची शिट्टी एकदा आत उभं राहून ऐकायची आहे बघ. बाकी काही नको." ताईने तर आदल्या दिवशीच कोचकडून वचन घेतलं होतं, की आज ह्यांना बदलायचं नाही. कोच वचनाचा पक्का होता. दोन मिनिटं बाहेर काढणं म्हणजे काही बदलणं नव्हे, असं त्याचं म्हणणं.

समोर फायर ब्रिगेडचा संघ. एकेक गडी दाराएवढा. पण उत्तरार्धात कसाबसा एक गोल आपल्या बाजूने पडला, आणि झालं, टॉवेल उजव्या खांद्यावर गेला. पुढचा बॉल पोटाशी धरून लोळ्या सवयीने कोसळला. ताई आली, बर्फ लावला, डॉक्टरीणबाईंनी बोट दाखवलं आणि कोचने दाजींना हाक मारली.

दाजी रेषेबाहेर जाऊन उभे राहिले. चिडले नाहीत. कुणाच्या दारात पत्र द्यायला उभं राहावं तसे उभे राहिले. लोळ्याने ते पाहिलं आणि त्याला स्वतःची शरम वाटली. आजवर आपण इतक्या वेळा पडलो, पण आपल्या पडण्याचं कुणाला काही मोजावं लागलं, असं त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

दाजी परत आले. थोड्या वेळाने टॉवेल पुन्हा हलला. लोळ्या आकाशाकडे बघत बसला. टॉवेल डावीकडे गेला, परत उजवीकडे आला, शेवटी कोच तो झेंड्यासारखा फडकावायला लागला. लोळ्या ढिम्म. तिकडे दाजींचा श्वास भात्यासारखा चालला होता, पण पाय रोवून उभे होते.

आणि मग नको तेच झालं. फायर ब्रिगेडच्या सगळ्यात उंच गड्याने जवळून सणसणीत बॉल मारला. लोळ्याने उजवा हात घातला. बॉल खांबावर आदळून बाहेर गेला, पण मध्ये सापडलेलं बोट भलतीकडेच वळलं. त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. या वेळी खरोखरच लोळावंसं वाटत होतं, अगदी मनापासून.

"दोन मिनिटं राहिली," डॉक्टरीणबाई ओरडल्या. "कॉर्नर."

दोन मिनिटं. म्हणजे आता पडलो तर दाजी शिट्टी बाहेरूनच ऐकणार. लोळ्याने दात आवळले आणि ताठ उभा राहिला. कोच खूश होऊन खुणावत होता, पड, पड. इकडे ताई पेटी घेऊन उठली होती. तिने त्या हाताकडे एकदाच पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. लोळ्याने मान हलवली, नको. मग दाजींकडे नजर टाकली. ताई रेषेपाशी थबकली. बाईचा जीव नुसता खालीवर होत होता, इकडे भाऊ आणि तिकडे नवरा. शेवटी ती पेटीवरच बसली आणि पदर तोंडात धरला.

लोळ्या मात्र बागडत होता. आपण ठणठणीत आहोत हे दाखवायला जागच्या जागी उड्या काय मारल्या, शीळ काय घातली. बावीस वर्षांत दाजींना जेवढं धावायला लागलं नसेल तेवढं याला त्या दोन मिनिटांत हसायला लागलं. कॉर्नरचा बॉल आला. त्याने डाव्या हाताने कसाबसा ठोसा दिला आणि बॉल नेमका दाजींच्या पायाशी पडला. दाजींनी उरलासुरला जीव गोळा करून तो असा लाथाडला, की थेट कुंपणापलीकडच्या गॅरेजच्या पत्र्यावर.

शिट्टी वाजली.

दाजी मैदानाच्या मध्ये दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे होते, आणि इतका वेळ स्वतःला आवरून धरलेला लोळ्या एकदाचा पडला. गडाबडा लोळला. सगळे खो खो हसायला लागले. "अरे, संपली मॅच. आता कुणाचा वेळ खातोस?" कोच तर रागाने टॉवेल झटकत निघून गेला. दाजीसुद्धा धापा टाकत येऊन म्हणाले, "ऊठ रे बाबा, बास झालं नाटक."

ताईने एव्हाना हातमोजा कापला होता. "दुसरीकडे बघ," म्हणाली आणि बोट खसकन ओढून जागेवर बसवलं. लोळ्या बोंबलला.

गाडीकडे निघालेल्या डॉक्टरीणबाई जागीच वळल्या. "ही बोंब खरी आहे," त्या म्हणाल्या आणि परत आल्या.

"कधी लागलं?" दाजींनी विचारलं.

ताई पट्टी गुंडाळत म्हणाली, "कॉर्नरच्या आधी."

दाजींनी थोडा वेळ त्या सुजलेल्या बोटाकडे पाहिलं. मग गुडघे कुरकुरत असतानाही खाली बसले आणि लोळ्याच्या बुटांची नाडी सोडायला लागले, कारण आता त्याला ती सोडता येणार नव्हती. दोन्ही बूट काढून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले.

"आतून फार मोठी वाजते रे शिट्टी," ते म्हणाले. "बाहेर बसून एवढी वाटत नाही."