मास्तरांनी ऐकलेलं पान

पुस्तकांची पानं छपाईसाठी मांडून देणाऱ्या त्या दुकानात ताईच्या हातचं पान म्हणजे पान, असं गिऱ्हाइकं एकमेकांना सांगत. संगणकाच्या पडद्यावर एकेक चौकट ती स्वतः सरकवायची. चित्र किती खाली घ्यायचं, कुठे मोकळं सोडायचं, हे तिला नुसतं बघून कळायचं. आणि ते कळतं याचा तिला तोराही होता.

मागच्या खोलीत बसणाऱ्या तिच्या धाकट्या बहिणीची रीत अगदी उलटी. ती पान बघतच नसे. मजकुराला खुणा करी: हे शीर्षक, हा परिच्छेद, हा इशारा, ही तळटीप. दिसायचं कसं, याचे नियम एकदा लिहायचे आणि पानं संगणकाला पाडू द्यायची.

"तोंड न बघता लग्न ठरवतेस तू," ताई म्हणायची.

"मी माणूस कोण ते विचारते. तू नुसते कपडे बघतेस."

घरी आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी एका डॉक्टरीणबाईंनी पुस्तक लिहिलं, ते ताईकडे आलं. तिनं त्यात जीव ओतला. औषधांचे इशारे तिनं मजकुराशेजारी लाल चौकटींत बसवले. पानं बघायला डॉक्टरीणबाई आल्या त्या नवऱ्याला, मास्तरांना, घेऊनच. मास्तरांची नजर गेली होती. फोन वाचून दाखवायचा आणि ते ऐकायचे.

"मलाही ऐकू द्या की," ते म्हणाले. ताईनं हौसेनं फाइल त्यांच्या फोनवर पाठवली.

फोन वाचू लागला: "ही गोळी जेवणानंतर मूत्रपिंडाच्या रुग्णाला अर्धा पेला पाण्याबरोबर कधीही देऊ नये द्यावी."

मास्तरांनी फोन थांबवला. "म्हणजे द्यायची की नाही?"

ताईनं पान पुन्हा बघितलं. चौकट वेगळी आहे हे डोळ्यांना दिसत होतं. फोनला डोळे कुठले? त्यानं शेजारशेजारच्या ओळी सलग वाचून टाकल्या होत्या.

"छापायला तर पानं उत्तम झालीत," डॉक्टरीणबाई सावरून घेत म्हणाल्या. "फक्त छापीलच काढू या."

आवाज ऐकून धाकटी बाहेर आली होती. ती टोमणा मारणार, याची ताईनं तयारीच ठेवली होती. पण ती एवढंच म्हणाली, "हा इशारा आहे हे फक्त लाल रंगाला माहीत आहे, ताई. मजकुराला कुणी सांगितलंच नाही."

"मग सांगू या," ताई म्हणाली. "मोड माझी पानं."

दुसऱ्या दिवसापासून दोघी एका टेबलाशी बसल्या. ताईला वाटलं होतं, आता आपल्याला काम उरलं नाही. झालं भलतंच. संगणकानं पाडलेलं पहिलं पान बघून तिनं नाक मुरडलं. "शीर्षक तळाशी एकटं पडलंय. आणि इशारा गोळीच्या आधी हवा, नंतर वाचून काय उपयोग?"

धाकटीनं दोन नियम लिहिले. सगळ्या पुस्तकातली शीर्षकं एका दमात जागेवर आली, इशारे वर सरकले. ताई बघतच राहिली. इतकी वर्षं जे ती पानापानाला हातानं करत आली होती, ते आता तिच्या एका वाक्यासरशी अख्ख्या पुस्तकात होत होतं. मग काय, तिची जीभ सुटली. धाकटी लिहून लिहून दमली.

त्याच मजकुरातून छापील पुस्तक निघालं, म्हाताऱ्यांसाठी ठळक मोठ्या अक्षरांचं निघालं आणि मास्तरांसाठी ऐकायचंही. ते डॉक्टरीणबाईंबरोबर दुकानात येऊन बसले आणि फोन कानाशी धरला.

"इशारा," फोन म्हणाला. "मूत्रपिंडाच्या रुग्णाला ही गोळी कधीही देऊ नये." मग जरा थांबून पुढचं वाचलं.

मास्तरांनी प्रकरण संपेपर्यंत ऐकलं. "आता लख्ख कळतंय," ते म्हणाले. "फक्त आमच्या बाईंची वाक्यं फार लांब आहेत. त्यावर काही नियम आहे का?"

डॉक्टरीणबाईंसकट सगळे हसले.

"कुणी केलं हे?" मास्तरांनी विचारलं.

"माझ्या बहिणीनं," ताई म्हणाली. मान ताठ होती तिची. मग, खोटा विनय तिला कधीच जमला नव्हता म्हणून, तिनं पुढे जोडलं, "आणि नियम माझे."

"सगळे तिचेच," मागच्या खोलीतून धाकटी म्हणाली.