पिल्लांचं ऐकणारा

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. काच फुटलेल्या एका मोबाइलमध्ये राहतो आणि कोंबडीच्या पिल्लांचं ओरडणं ऐकतो. हसू नका! गारठलेलं पिल्लू वेगळं ओरडतं, भुकेलं वेगळं. गारठल्याचा आवाज आला की मी मालकाच्या फोनवर घंटी वाजवतो. एवढंच माझं काम, आणि आता तोच माझा गुन्हा ठरला आहे.

विसरवाडीजवळच्या एस्तेर गावितने मला घडवलं. तिची आई ग्रेसीबाई मजुरीला जायची आणि मागे शेडमध्ये पिल्लं थंडीने मरायची. मी आल्यावर घंटी वाजली की ती शेजारणीला फोन करून दिवे लावायला सांगायची. पिल्लं जगू लागली. मग एस्तेरने मला सगळ्यांसाठी मोकळं केलं. वापरा, बदला, वाटा, म्हणाली. गावात नेटला रेंज कुठली? रविवारी चर्च सुटलं की अंगणात मी या फोनमधून त्या फोनमध्ये जायचो. काय कौतुक व्हायचं माझं! लोणखेड्याच्या ललितने तर पंख्याची घरघर वगळून फक्त पिल्लं ऐकायला मला शिकवलं. एस्तेर त्याचं नाव माझ्यात लिहायला निघाली, तर म्हणाला, "नाव कसाले लिखाना, ताई? काम सगळास्नं शे."

तिलाही पटलं. तिच्या गावात कुणाच्या घराची कौलं चाळायची असली की सारे जमतात, राबतात, जेवून घरी जातात. कौलावर कुणी आपलं नाव कोरत नाही. माझ्यातही कुणी नाव घातलं नाही, तारीखही नाही.

पुढे एका कंपनीचा साहेब आला. ग्रेसीबाईने त्याला कोंबडी रांधून वाढली. एस्तेरने मला उघडून आतलं सगळं दाखवलं. घरी आलेल्यापासून लपवायचं काय? साहेब बोटं चाटत "वा, वा" म्हणाला आणि गेला. नंतर त्याच्या कंपनीने पेटंट घेतलं. यंत्राने पिल्लांचा आवाज ओळखायचा आणि मालकाला कळवायचं, ही युक्तीच म्हणे त्यांची! मेल्यांना जेवताना लाज वाटली नाही. मग नोटीस आली. वाटणं थांबवा, दिलेलं पुसा, नाहीतर कोर्टात या.

एस्तेर सुरतच्या वकिलाकडे गेली. ते म्हणाले, "पेटंटला आव्हान देता येतं. पण हे तुमच्याकडे आधीपासून उघडपणे होतं, याचा पुरावा?"

"सगळ्या गावाला माहीत आहे, साहेब."

"मग गावाच्या साक्षी काढत वर्षानुवर्षं भांडावं लागेल. आहे तयारी?"

एस्तेर घरी आली. मग ती एकेकाच्या दारी जाऊन मला पुसत सुटली. ललितने नुसता फोन पुढे केला. "तूच पुस, ताई. मन्हा हात उठस नही."

आता मी फक्त ग्रेसीबाईच्या शेडमध्ये उरलो आहे. दुपारपासून आभाळ आलंय, वारा बोचरा आहे. मघाशी पिल्लं गारठली, मी घंटी वाजवली. एस्तेर धावत आली, दिवे लावले आणि मग मला हातात घेतलं.

"राहू दे गं, आपल्यापुरता," ग्रेसीबाई म्हणाली.

"उद्या त्यांचा माणूस तपासायला येणार आहे, आई."

मित्रांनो, वाटा, जरूर वाटा. पण वाटताना नाव घाला, तारीख घाला, चारचौघांत नव्हे तर साऱ्या जगाला दिसेल तिथे ठेवा. त्यात मिरवणं नाही. आम्ही उगाच लाजलो.

एस्तेरचं बोट काचेवर थांबलंय. उद्या सकाळी ग्रेसीबाई मजुरीला जाईल, पिल्लं गारठून ओरडतील, आणि शेडमध्ये त्यांचं ऐकणारं कुणी नसेल.