पांढऱ्या टाक्यांची नवार

मी एक जुनी नवार आहे. जाम गावाजवळच्या एका शाळेच्या कपाटात गुंडाळून पडले आहे. मित्रांनो, मला खोटी साक्ष द्यायला लावली, आणि माझ्याच माणसांनी मला एकटं सोडलं, म्हणून सांगते.

आधी मी देवकाबाईंच्या खाटेला होते. देवकाबाईंकडे साठ गावरान कोंबड्या होत्या, त्यांच्यावरच घर चालायचं. खाट मोडली, तेव्हा त्यांनी मला विज्ञान दिनासाठी जया मॅडमना देऊन टाकलं. ते दोन हजार वीस साल होतं. कोरोनाच्या बातम्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या.

मॅडमनी माझे दोन तुकडे केले. एक नव्या कोरोनाचा, तीस हात लांब. दुसरा कोंबड्यांच्या जुन्या कोरोनाचा, थोडा आखूड. एक हात म्हणजे विषाणूच्या जनुकांतली हजार अक्षरं. सुरुवातीचा मोठा भाग निळा रंगवला. स्वतःच्या नकला कशा काढायच्या, ते विषाणूने तिथे लिहून ठेवलेलं असतं. पुढचा लाल भाग विषाणूच्या अंगावरच्या काट्यांचा. शेवटी आवरणाचे आणि गाभ्याचे लहान पट्टे. हा क्रम दोन्ही तुकड्यांवर सारखाच होता. पण जिथे अक्षरं जुळली तिथेच मॅडमनी पांढरा टाका घातला. निळ्यावर टाके बरेच, लालवर अगदी विरळ. "नातं आहे, पण फार लांबचं. कोंबडीचा हा रोग माणसाला होत नाही," असं त्या मुलांना सांगायच्या. तेव्हा मी अभिमानाने फुलून जायचे.

प्रदर्शनात प्रफुल नावाचा दुकानदार आला. त्याने लांबूनच माझा फोटो काढला. फोटोत रंग आले, टाके दिसलेच नाहीत. 'कोंबडीतही तोच कोरोना. मॅडमनं शाळेत दाखवला,' असं लिहून त्याने तो गावभर पाठवला.

दोन दिवसांत गावकरी देवकाबाईंच्या दारात जमले. कोंबड्या पुरून टाका म्हणाले. बाई धावत शाळेत आल्या.

"मॅडम, चाला न माह्यासंग. हे पुरं उलगडून दाखवा लोकायले. तुमचं आयकतीन ते."

मॅडमचा हात माझ्यावरच होता. "मावशी, मी आता बोलली तं माह्यावरच येईन. थोडं थांबा," असं म्हणून त्या मला गुंडाळू लागल्या. मला ओरडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी साठही कोंबड्या खड्ड्यात गेल्या.

आता दर विज्ञान दिनाला मला बाहेर काढतात. साहेब येतात, मॅडमचं कौतुक करतात. यंदा देवकाबाईंची नात आचल टाके मोजत होती. मोजता मोजता थांबली.

"मॅडम, हे तुमाले तवाबी मालूम होतं न? मंग आजीले थांबा काऊन म्हनलं?"

मॅडमनी मला पुन्हा गुंडाळायला घेतलं.

मित्रांनो, मला कसर लागली तरी चालेल. पण कुणाचा फोटो पुढे पाठवण्याआधी जवळ जाऊन पाहा. आणि खरं ठाऊक असेल, तर गरज असेल त्याच दिवशी बोला. प्रफुलला मी केव्हाच माफ केलं, त्याला माहीत नव्हतं. जया मॅडमना माहीत होतं.