बटणाचा एक इंच

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी ऐकायची नव्हे हं. शिंप्याच्या गळ्यात असते ती, मापं घ्यायची. पिवळं मेणकापड, काळे आकडे, पाठ कोरी. साठ इंच अंगावर घेऊन मी जन्माला आले आणि आज माझ्याकडे एकोणसाठ आहेत. यावरून कुणी माझी कीव करू नये. त्या एका इंचाशिवाय मी बावीस वर्षं काम केलं आणि एकही बाही आखूड होऊ दिली नाही.

कारखान्यात आमच्यावर आकडे छापले, दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या बसवल्या आणि डझनाच्या गठ्ठ्यात बांधून दुकानात पाठवलं. तिथे एक शिंपी आला. त्याने मला ताणून पाहिलं, लोखंडी पट्टीला लावून पाहिलं, आणि मी कणभरही खोटी निघाले नाही तेव्हाच खिशात घातलं. त्याला सगळा रस्ता मास्तर म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले.

मास्तरांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याच्या बाजूला खिडकी, खिडकीशी मशीन, मागे कापायचं टेबल आणि भिंतीवर दोऱ्याची रिळं. शेजारच्या खोलीत इस्त्रीवाले काका. मधली भिंत इतकी पातळ की काका शिंकले की मास्तर इकडून "जपा" म्हणायचे. दोघांची मैत्री जुनी होती आणि भांडणंही जुनी होती. चहा कुणी सांगायचा, यावर रोज वाद व्हायचा.

मास्तरांची एक रीत होती. गिऱ्हाईक आलं की ते "कसं शिवू?" असं कधीच विचारायचे नाहीत. "हे घालून कुठे जायचंय?" असं विचारायचे. बसच्या ड्रायव्हरला त्यांनी खुर्चीत बसवलं, हात स्टिअरिंगवर धरल्यासारखे पुढे करायला लावले आणि मग बाहीचं माप घेतलं. वाचनालयातल्या बाईंना वरच्या फळीवरचं पुस्तक काढल्यासारखं उभं केलं. लोक हसायचे, पण ते कपडे अंगावर चढले की हसणं थांबायचं. अशा वेळी मी मास्तरांच्या गळ्यात जरा ऐटीतच बसायचे. खोटं कशाला सांगू?

आता माझ्या हरवलेल्या इंचाची गोष्ट ऐका.

मास्तरांना एकुलती एक मुलगी. गोल चेहरा, दोन टपोरे डोळे, म्हणून त्यांनी तिचं नाव बटण ठेवलं होतं. चार वर्षांची असताना तिने चिंध्यांची एक बाहुली केली, आणि बाहुलीला हवा होता बेल्ट. मास्तर रस्त्यावर कुणाशी तरी बोलत होते. मी टेबलावर पडले होते. बटणने दोन्ही हातांनी मोठी कात्री उचलली आणि खच्च! माझा पहिला इंच पितळेच्या टोपीसकट गेला. टोपीचं बक्कल झालं.

मास्तर धावत आत आले. आधी त्यांनी तिची दहा बोटं मोजली, मग मला पाहिलं. मला वाटलं, आपला कारभार आटोपला, आता आपण केराच्या टोपलीत.

"बेल्ट नीट बसला का गं बाहुलीला?" त्यांनी विचारलं.

"घट्ट झाला."

"बघ. मापाशिवाय कापलंस ना?"

एवढं बोलून त्यांनी मला उचलून गळ्यात टाकलं. मला फेकण्याची गोष्ट त्यांनी तेव्हा काढली नाही आणि पुढेही कधी काढली नाही. त्या दिवसापासून माझी सुरुवात शून्याऐवजी एकावर होऊ लागली, म्हणजे कुठलंही माप माझ्यावर एक इंच जास्तच दिसायचं. मास्तर जे दिसेल ते वहीत लिहायचे आणि कापताना प्रत्येक आकड्यातून एक कमी करायचे. खडूने खूण करता करता पुटपुटायचे, "बटणाचा एक वजा." विसर पडू नये म्हणून वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक छोटं बटण काढून ठेवायचे: एक गोल आणि आत दोन ठिपके. बटण मोठी झाली आणि ती कात्री, तो बेल्ट सगळं विसरून गेली. मी मात्र विसरले नाही. माझं अंग तुटलं होतं ना!

पुढे बटणही शिवणकाम शिकली, पण बाहेरच्या शिवणवर्गात, आणि दूरच्या शहरात कपड्यांच्या कारखान्यात कापणीच्या कामावर लागली. पहिल्या पगारातून तिने वडिलांना नवी टेप आणली. लांबसडक, गुळगुळीत, दोन्ही टोकांना चकचकीत टोप्या! मास्तरांनी लेकीचं भरभरून कौतुक केलं, नव्या टेपला प्रेमाने ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मलाच गळ्यात घातलं. त्या दिवशी मी जरा जास्तच सरळ लटकले.

शेवटच्या खेपेला बटण घरी आली होती. परत निघताना ती दुकानाच्या दारात उभी होती, पाठीवर पिशवी, आणि मास्तरांनी तिला अडवलं. "थांब, वाढलीस का बघू."

"बाबा, सव्विसाव्या वर्षी कुणी वाढतं का?"

तरी त्यांनी तिचे खांदे मोजले, बाही मोजली, छाती, उंची, सगळं मोजलं. ती हसत होती आणि बस चुकेल म्हणून ओरडतही होती. ती गेल्यावर मास्तरांनी वहीत एक पान लिहिलं. त्या पानाबद्दल पुढे सांगते.

त्यानंतर नवव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, मास्तर मशीनवर बसले. सुईत दोरा ओवायला वाकले आणि तसेच राहिले. त्यांचं काही दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. थोड्या वेळापूर्वीच त्यांनी भिंतीवर थाप मारून "आज चहाची पाळी तुमची" असं काकांना बजावलं होतं. मी त्यांच्या छातीवर होते. रोज माझ्याखाली चालणारी धडधड थांबली, हे सगळ्यात आधी मला कळलं आणि मला कुणालाही हाक मारता आली नाही. काका दोन कप घेऊन आले. सुईत दोरा जात नाहीये असं त्यांना वाटलं आणि त्यांनी नेहमीसारखी चेष्टा केली. मग कप खाली ठेवून त्यांनी मास्तरांच्या खांद्याला हात लावला. मित्रांनो, ते दुःख मला अजूनही मोजता आलेलं नाही.

आईंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, मला आणि त्यांच्या चष्म्याला दाराआडच्या खिळ्याला अडकवलं. मला हात लावायचा कुणाला धीर झाला नाही.

दिवसकार्य उरकून गेलेली बटण महिन्याभराने पंधरा दिवसांची रजा काढून पुन्हा आली. दुकान बंद करायचं असं मायलेकींनी ठरवलं होतं. पण मास्तरांच्या वहीत नऊ कामं राहिली होती, आणि बाबांनी दिलेला शब्द पुरा केल्याशिवाय कुलूप लावायचं नाही, हे बटणने मनाशी पक्कं केलं होतं. नवव्या पानावर कुणाचं नावच नव्हतं. नावाच्या जागी नुसतं एक मोठं बटण काढलेलं होतं. ते तिने बाजूला ठेवलं. बाकीचे आठ कपडे तिने वहीतल्या मापांवरून कापले. त्यासाठी तिने ड्रॉवरमधली नवी टेप वापरली.

मी खिळ्यावरून बघत होते. ओरडावंसं वाटत होतं, "अगं, एक वजा कर!" पण टेपला गळा नसतो, टेप दुसऱ्याच्या गळ्यात असते.

आठवड्याच्या आत तक्रारी सुरू झाल्या. वाचनालयातल्या बाईंचे हात बाहीत हरवले. ड्रायव्हर शर्ट घेऊन परत आला आणि अवघडून म्हणाला, "मी मान वळवतो ताई, पण कॉलर जागची हलत नाही." काकांची पँट घसरत होती; त्यांनी ती नाडीने बांधली आणि दुःखाने आपणच वाळलो अशी स्वतःची समजूत काढून गप्प बसले. बटणने सगळ्यांची मापं पुन्हा घेतली. वहीतलं प्रत्येक माप एकेका इंचाने जास्त निघालं.

"बाबांना आकडे नीट दिसत नव्हते, आई," ती त्या दिवशी म्हणाली. "ते आजारी असणार. मी दोन दिवस घरी राहून गेले आणि माझ्या लक्षातही आलं नाही." ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

रस्त्यावर कुजबुज सुरू झालीच. मास्तरांचा हात शेवटी शेवटी गेला होता, असं लोक हळहळत म्हणू लागले. हळहळ खरी होती, म्हणून तर जास्त लागत होती.

कुलूप लावण्याआधीच्या रविवारी काकांनी सगळ्यांना दुकानात बोलावलं. अट एकच होती: मास्तरांनी माप घेतलेले कपडे घालून यायचं. खोली भरून गेली. कुणी पंधरा वर्षांपूर्वीचा कोट घालून आलं होतं, कुणाचं बटण पोटावर ताणलं होतं. जो तो मास्तरांची आठवण सांगत होता आणि सांगता सांगता स्वतःचीच बाही कुरवाळत होता. मग ड्रायव्हरची पाळी आली.

"राग मानू नका ताई," तो म्हणाला. "माणूस सोन्यासारखा. माझ्या खांद्यांना बारा वर्षं आराम दिला त्यांनी. पण शेवटी हात गेला होता, हे खरं."

"खरंय," बटण म्हणाली. तिच्या हातात वही होती. "आठच्या आठ मापं चुकलीत. त्यांच्या वतीने मी सगळ्यांची..."

"हात गेला? त्याचा?" काका ताडकन उठले. एका हाताने पँट धरूनच उठले. "आदल्या संध्याकाळपर्यंत मी भिंतीपलीकडून ऐकलाय त्याला! कापताना तेच आपलं नेहमीचं: बटणाचा एक वजा, बटणाचा एक वजा. तसूभर फरक नाही!"

बटण थांबली. "काय वजा?"

"बटणाचा एक. तुमचं ते बटणपट्टीचं काहीतरी असेल. मी इस्त्रीवाला, मला काय कळतंय?"

"पण बटणपट्टीसाठी कापड वाढवतात, काका. वजा कुणी करत नाही."

बटणने वहीचं एक पान उलटलं, मग दुसरं, मग तिसरं. प्रत्येक कोपऱ्यात गोल आणि दोन ठिपके. ती वळली, दाराआड गेली आणि तिने मला खिळ्यावरून काढलं. दीड महिन्यानंतर मला माणसाचा हात लागला. तिने माझं टोक शोधलं आणि तिचा अंगठा थांबला थेट एकाच्या आकड्यावर. तिथे शून्यही नव्हतं आणि टोपीही नव्हती, कात्रीचा वेडावाकडा काप तेवढा होता.

"इकडे या," तिने ड्रायव्हरला सांगितलं. माझ्यावर त्याची मान भरली साडेसोळा. नव्या टेपवर साडेपंधरा. वहीत लिहिलं होतं साडेसोळा.

"म्हणजे मास्तर बरोबर होते?" ड्रायव्हरने विचारलं.

"बाबा बरोबर होते. चुकले मी." आणि असं म्हणताना तिचा चेहरा असा काही उजळला की चुकल्याचा एवढा आनंद मी आजवर कुणाला झालेला पाहिला नाही.

आई उठून मागे घरात गेल्या. जुन्या बटणांचा डबा घेऊन आल्या आणि तळातून एक चिंध्यांची बाहुली काढली. तिच्या कमरेला पिवळा बेल्ट होता, त्याला पितळेचं बक्कल.

"चार वर्षांची होतीस तू," आई म्हणाल्या. "टेप कापलेली आहे ते मला ठाऊक होतं गं. पण वहीत ते कसं लिहितात, हे मी कधी विचारलंच नाही."

बटणने बेल्ट सोडून माझ्या टोकाला लावला. कापाला काप तंतोतंत जुळला. बावीस वर्षांनी मी माझ्या इंचाला भेटले. आणि आता कुठे ती रडली, सगळ्यांसमोर, मला डोळ्यांना लावून. मी भिजले. मेणकापडाला पाण्याने काही होत नाही.

"मग माझी पँट?" काकांनी हळूच विचारलं, तेव्हा अख्खी खोली हसली. मास्तर गेल्यानंतर त्या खोलीत पहिल्यांदाच कुणी हसत होतं.

आठही कपडे पुन्हा मापात बसवून झाले. मग बटणने नववं पान उघडलं, नाव नसलेलं. नावाच्या जागचं ते मोठं बटण तिने बराच वेळ पाहिलं आणि तिला उमगलं, हे पान आपलंच आहे. टेबलाखाली कागदात गुंडाळलेलं कोटाचं निळं कापड होतं, त्यावर मास्तरांच्या अक्षरात पानाचा आकडा होता. ती स्वतःच्या अंगाला टेप न लावता, फक्त वडिलांच्या आकड्यांवरून कापायला बसली. प्रत्येक खुणेला पुटपुटत होती, "बटणाचा एक वजा." माझा इंच तिने मला परत शिवला नाही. तो बाहुलीचा आहे, बाहुलीलाच दिला, आणि मला ते मान्य आहे.

मित्रांनो, घरातली जुनी, तुटकी वस्तू टाकायला हरकत नाही; आम्हीही कधीतरी जाणारच. पण टाकण्याआधी ती कशी तुटली, आणि तरी कुणी का सांभाळली, एवढं घरातल्या मोठ्यांना विचारून घ्या. ते आहेत तोवर विचारा.

कोट तयार झाला. बटणने तो अंगात घातला. खांदा खांद्यावर बसला, बाही मनगटाशी थांबली. इंचभर इकडे नाही, इंचभर तिकडे नाही. काका दारात दोन कप चहा घेऊन उभे होते. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि घसा खाकरून विचारलं,

"हे घालून कुठे जायचंय?"

बटणने मला गळ्यात टाकलं.

"इथेच," ती म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली.