मागे बघणारं माणूस

विश्रामला बोट हवी होती ती बायकोला, विजयाला, समुद्रावर न्यायला, आणि विजयाचं म्हणणं, बोट सोडून काय ते बोला. लग्नानंतरच्या पहिल्याच फेरीत तिला बोट लागून उलट्या झाल्या होत्या, त्याही चार नणंदांच्या देखत. नणंदांनी ती गोष्ट इतकी वर्षं जपून ठेवली होती. तेव्हापासून घरचे सगळे पाण्यात मजा मारत आणि विजया माहीमच्या किनाऱ्यावर एकटीच बसून राही. विश्रामला त्याचं फार वाईट वाटे. आज ती बसली नाही तर बोट घ्यायचीच नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. हे तिला सांगायची मात्र त्याची छाती नव्हती.

दातिवऱ्याच्या रामनाथकडे दोन जुन्या बोटी विकायला होत्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्हींना इंजिन तेच, दोन्हींच्या मागे रबरी ट्यूब ओढायचा दोर बांधायला सारखाच खांब. फरक एवढाच, की एकीवर निळ्या रंगात ‘विजया’ लिहिलं होतं. विश्राम तिथेच विरघळला.

“हीच घेऊ,” तो म्हणाला. “तुझंच नाव हाय बघ!”

“म्हंजे बुडाली की नाव माझंच बुडनार,” विजया म्हणाली. “मी वांगंसुदा दाबून बघते. तुमी बोट नुसती वाचून घेताय.”

त्यांची लेक मेघाली तोवर ट्यूबवर जाऊन बसलीही होती. “दोन्ही चालवून बघूया ना, बाबा. मला ओढा.”

रामनाथने आधी ‘विजया’चं इंजिन सुरू केलं, पण बोट काही हलवली नाही. “भाऊ, एक मानूस मागं तोंड करून बसवा. मी पुढं बघनार. पोरगी पडली तर सांगनार कोन? त्याबिगर मी ओढत नाय.”

“मी हाय ना,” विश्राम ऐटीत म्हणाला.

गॅसपाशी उभं राहून कालच त्याने दूध उतू घालवलं होतं. विजया ते विसरली नव्हती.

“तुमी? पोरगी पडेल नि तुमी इंजिनाचा आवाज ऐकत बसाल. सरका!”

पदर खोचून ती चढली. विश्रामला इतका आनंद झाला, की तो तोंड मिटून गप्प बसला. एक शब्द बोलला असता तर ती उतरली असती.

बोट खाडीत निघाली. विजयाने दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला आणि लेकीवरची नजर काढली नाही. लाट आली की मेघाली उडे नि किंचाळे, आणि इकडून ही ओरडे, “नीट धर गो!” एका वळणावर मेघाली पाण्यात पडली. “थांबव! पडली!” विजयाच्या आवाजाने रामनाथच दचकला. त्याने बोट वळवून मेघालीपाशी नेली, तर पोरगी पाण्यात खिदळत होती. तिला पाहून विजयालाही हसू आवरेना. बोट लागायला तिला सवडच झाली नाही.

मग दुसऱ्या बोटीतूनही तशीच फेरी झाली. सगळे किनाऱ्याला लागले.

“मंग? कंची देऊ?” रामनाथने विचारलं.

“दोन्ही सारख्याच हायत,” विश्राम प्रामाणिकपणे म्हणाला.

“तुमाला काय कळतंय त्यातलं?” केस विस्कटलेली विजया पहिल्या बोटीकडे चालूही लागली होती. “ही मी नीट बघितलीच नाय. परत फिरवा.”

“घरी जायला उशीर होईल हां,” विश्राम मुद्दाम म्हणाला.

“होऊ दे,” ती म्हणाली आणि चढायला आधार म्हणून त्याच्यापुढे हात केला.