लिलाबाईचा पत्र्याचा इवाई

आमच्या घरात वस्तू मरत नाही. बादली फुटली की तिची कुंडी होते, कुंडी तडकली की कोंबडीचं घर होतं, आणि पुढे त्याचं काय होणार हे पाहायला कोंबडीसुद्धा थांबून राहते. हे हात माझ्या बायकोचे, लिलाबाईचे. असे हात मालेगाव तालुक्यात दुसरे नाहीत. मी सगळा तालुका फिरलो नाही, पण खात्री आहे.

तिचं सामान मागच्या खोलीत असायचं. सून सरिताला तिथं शिलाई मशीन मांडायची होती. एक दिवस ती साफ बोलली, "आई, सोमवारी भंगारवाल्याले बोलावलं हाय."

"त्यात भंगार काहीच नाही."

"मंग कामाचं काय हाय ते दाखवा. पटलं तं ठेवू."

लिलाबाईनं अंगणात पसारा काढला. दूध तापवायच्या चेमटलेल्या गंजाचं डोकं. आमच्या सतीशच्या लग्नाच्या सीड्या कोणी लावत नाही, त्यांचे डोळे. झिजलेल्या झाडूच्या मिशा, मोडक्या छत्रीच्या काड्यांची बोटं, तेलाच्या डब्याची छाती. छातीवर माझा लग्नातला कोट. कोटासाठी मी भांडलो. पण तो त्या बुजगावण्याला माझ्यापेक्षा बरा बसला, तेव्हा बटणं मीच लावून दिली.

बुजगावणं तुरीच्या वावरात उभं राहिलं. त्याला पाहून रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप असा पळाला, की दुसऱ्या दिवशी मेडशीच्या थांब्यावर कारंज्याची एसटी धरायला उभा होता म्हणतात. म्हणणारा मीच आहे, म्हणून बातमी पक्की.

सरितानं नाक मुरडलं. "बुजगावनं तं फाटक्या सदऱ्याचंबी होते."

लिलाबाईचा चेहरा उतरला. उभ्या जन्माची जमवाजमव भंगारवाल्याच्या ताजव्यात जाणार होती.

सोमवारी सरिताचे वडील, आमचे इवाई देवमन, धनजहून यायचे होते. एसटी आली, गेली, पण इवाई घरी नाही. मग सतीशचा फोन वाजला.

"जावईबापू, मी थांब्यावर बसलो हाव. वापस चाललो. जिथं जय भीमले जवाब नाही, तिथं आपन पानी पेत नाही."

इवाई रुसला म्हणजे सात पिढ्या ऐकावं लागतं. सरिता माझ्यावर उसळली. "मामाजी, काय केलं तुमी माह्या बाबाले?"

"मी तं सकायपासून वांगे चिरून राह्यलो!"

आम्ही सारे थांब्याकडे धावलो. देवमन पिशवी मांडीवर घेऊन, तोंड फिरवून बसलेले.

"काय झालं इवाई?"

"कायले इचारता? वावराच्या धुऱ्यावरून येऊन राह्यलो होतो. तुमी तुरीत उभे. जय भीम केला. चूप. पुन्हा केला, हातबी उचलला. तुमी डोये वटारून पाहून राह्यले, मिशी हालवून राह्यले, पन तोंडातून शब्द नाही! इतला माज?"

लिलाबाईनं तोंडाला पदर लावला. "चला भाऊ, माफी मांगाले लावतो त्याले."

वावरात नेलं. देवमन तावातावानं त्याच्यापुढे गेले, मग माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. छातीवर हळूच टिचकी मारली. ठण्ण!

"अरे बाप्पा!" ते मटकन धुऱ्याच्या बांधावर बसले आणि हसता हसता डोळे पुसू लागले. "बाई, काय हात हाय तुमचा! याचा आवाजबी आमच्या इवायापरीस गोड हाय."

मी राग धरला नाही. अशा बायकोच्या नवऱ्यानं धरूही नये.

घरी आलो तर भंगारवाला दारात, ताजवा काढून तयार. सरिता त्याच्यापुढे उभी राहिली.

"जा भाऊ. माह्या बाबाची नजर साऱ्या धनजमंधी पक्की. तिले ज्यानं फसवलं, ते भंगार नसते."

"अन् तुही मशीन?" लिलाबाईनं विचारलं.

"ओसरीत मांडतो न."

देवमननी घसा खाकरला. "बाई, मलेबी एक पायजे. पन इवायासारखा नको. माह्यासारखा."

लिलाबाई काही बोलायच्या आत सरिता मागच्या खोलीत शिरली. बराच वेळ खडखडाट झाला. जळमटं केसांत घेऊन ती बाहेर आली, हातात एक बुड गेलेलं पातेलं. ते तिनं बापाच्या डोक्याशी धरून, एक डोळा मिटून पाहिलं.

"आई, हे बसते का?"

"लहान होते," लिलाबाई म्हणाली. "कानाले जागा ठेव. दुसरं पाह्य."

सरिता पुन्हा आत गेली.